शिरोरेषा तुटू देऊ नकोस

पोरी, सीएनसी राउटरला बिट बसवणं, शून्य लावणं, फाईल चढवणं तू शिकलीस. ते कारखान्यात चार दिवस काढले की कुणालाही येतं. मला सांगायचंय ते वेगळं आहे. राउटरला अक्षर कळत नाही, त्याला फक्त रेघ कळते. तू दिलेल्या रेघेवरून बिट फिरणार, मग ती रेघ ‘जव्हार’ या शब्दाच्या मधोमध का जाईना. म्हणून पाटीतलं अक्षर सांभाळायचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं.

सुरुवात शिरोरेषेपासून कर. फोंटमधलं प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपला तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढतं. पडद्यावर सगळं एकसंध दिसतं. तशीच फाईल कापायला लावलीस, तर बिट प्रत्येक अक्षराच्या कडेला शिरोरेषा आडवी छेदत जातो आणि नावाचे तुकडे बेडवर पडतात. म्हणून आधी अक्षरांचे कर्व्ह कर, मग सगळं वेल्ड कर, मग रंग काढून नुसत्या बाह्यरेषा बघ. शिरोरेषेच्या पोटात एकही रेघ दिसता कामा नये. वेल्ड केलेली फाईल वेगळ्या नावाने ठेव, कारण तिच्यात पुन्हा ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. कर्व्ह करण्याचं आणखी एक कारण म्हणजे जुन्या फोंटांतला मजकूर. तो फोंट दुसऱ्या संगणकावर नसला की मराठी नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात.

हे नीट केलंस, तर आपल्या लिपीची कृपा बघ. इंग्रजी नावाचं प्रत्येक अक्षर सुटं निघतं, दोरी लावून एकेक बसवावं लागतं. आपलं अख्खं नाव बहुतेक वेळा शिरोरेषेला धरून एका तुकड्यात उचलता येतं. सुटा राहतो तो मुख्यतः अनुस्वार. त्याच्या मागे आणि पाठीच्या शीटवर एकाच फाईलमधून खुणेची छोटी भोकं पाड, म्हणजे बसवणारा कुणीही असला तरी टिंब जागच्या जागी बसेल.

फोंट निवडताना पडद्यावर सुंदर दिसतो म्हणून भुलू नकोस. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ फार मोलाचा, पण तो पडद्यावर वाचण्यासाठी आहे, त्याची नाजूक वळणं ॲक्रिलिकमध्ये टिकत नाहीत. एक टाइपचा ‘मुक्ता’ ठळक वजनात घे, नाहीतर ‘बलू’. पाकळीचा ल आणि देठाचा श आहे ना, तेही पाहा. शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी तीच वळणं ठरवली आहेत.

आता ‘जव्हार’ हाच शब्द समोर ठेव. तीन मिमीचा बिट तीन मिमीपेक्षा अरुंद फटीत जाऊ शकत नाही. मग ‘व्ह’मध्ये ‘ह’चं वळण बुजतं आणि अर्ध्या ‘व’चं पोट मिटतं. नोड धरून ती पोटं हाताने मोठी कर. पाच मिमीच्या शीटमध्ये अक्षराचा कुठलाही भाग पाच मिमीहून बारीक ठेवू नकोस. ‘मोखाडा’ लिहिताना ‘ख’ खाली जोडलेला आहे ना बघ, नाहीतर लांबून ‘रव’ वाचला जातो. मग खऱ्या मापाचा कागद काढ, भिंतीला चिकटव आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहा. तीस फुटांवरून सहज वाचता यावं असं वाटत असेल, तर शिरोरेषेपासून खाली अक्षराचं अंग तीन इंच लागतं. वेलांट्या आणि उकार त्यात धरायचे नाहीत.

गिऱ्हाइकाला एवढंच सांग की कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानालासुद्धा देवनागरी मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीच्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. नाव त्याच्या हाताने कागदावर लिहून घे, त्याच्यासमोर मोठ्याने वाच आणि सही घे.

आपल्याकडे पाटी म्हटली की वारली चित्र मागतातच. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला की कमरेचा तो बिंदू शोभतो. शीटमधून आरपार कापलास, तर माणूस कमरेत तुटून हातात येतो. त्याला कापूच नकोस, कोर. पांढऱ्या पीव्हीसी फोम शीटवर गेरूच्या रंगाचे दोन हात दे, पूर्ण वाळू दे, मग दोन मिमीच्या बिटाने जेमतेम एक मिमी खोल रेघ घे. आतला पांढरा आपोआप उघडा पडतो आणि तारप्याच्या नाचातली हातात हात घातलेली माळ न तुटता उमटते. शीट बेडवर सपाट बसलेलं हवं, नाहीतर एका टोकाला रेघ जाड आणि दुसऱ्या टोकाला नुसता ओरखडा.

चित्र मात्र कुठून तरी उचलू नकोस. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला जगापुढे नेली आणि तिच्यावर आज पाड्यापाड्यांत घरं चालतात. कलाकाराकडून काढून घे, पैसे दे. लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी हे सवासिनींनी लग्नघरात काढायचं चित्र आहे. कितीही पैसे मिळत असले तरी हॉटेलच्या पाटीवर ते घेऊ नकोस.

लाकडात अक्षर कोरायचं तर व्ही-बिट. रेघ रुंद होते तिथे तो खोल उतरतो, निमुळती होते तिथे वर येतो. बोरूचं जाड-बारीक लाकडात खरं उतरतं ते यानेच. पण आधी हिशेब कर. ९० अंशाचा बिट २० मिमी रुंद रेघेला १० मिमी उतरतो, ६० अंशाचा तीच रेघ १७ मिमीच्याही खाली नेतो, म्हणजे १२ मिमीच्या प्लायला आरपार भोक. सागवान घेशील ते बिलाचंच घे.

वेग कानाने आणि डोळ्याने ओळख. लाकडाचा कीस पडला पाहिजे. पिठासारखा भुसा पडू लागला की बिट कापत नाही, घासतोय, आणि घासला की तापतो. ॲक्रिलिकला एका धारेचा बिट लाव. १८,००० फेऱ्यांना मिनिटाला १,८०० मिमी पुढे सरकलं, तर प्रत्येक फेरीला ०.१ मिमी कीस निघतो. त्याहून फार हळू गेलीस तर ॲक्रिलिक वितळून बिटाला चिकटतं. आतली पोटं आधी काप, बाहेरची कड शेवटी, आणि कडेला टॅब ठेव. केस बांध, ओढणी बाजूला ठेव, हातमोजे घालून स्पिंडलजवळ जायचं नाही. एमडीएफच्या धुळीला मास्क हवाच.

पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. शीटचा कोपरा नेहमी बेडवरच्या पक्क्या खुंट्यांना टेकव आणि शून्य तिथेच घे. वीज आली की एक्स-वाय तिथूनच पुन्हा मिळतात, झेड मात्र नव्याने लावायचा.

आपल्या पावसात एमडीएफ बाहेर लावू नकोस, फुगतं. एसीपी किंवा पीव्हीसी वापर. स्क्रू स्टीलचे, न गंजणारे. ॲक्रिलिकचं भोक स्क्रूपेक्षा मोठं पाड, कारण उन्हात ते पसरतं. पाटी भिंतीपासून बोटभर पुढे ठेव. पहिल्या मोठ्या सरीनंतर एकदा जाऊन भिंतीवरचे ओघळ बघून ये. पाणी जिथून आत शिरतंय तिथेच सिलिकॉन भर आणि खालची कड उघडी सोड, आत गेलेलं पाणी तिथूनच निघतं.