बिघाड कोणाकडे? ऑनलाइन यंत्रणा बंद पडल्यास नोंद कशी ठेवावी

घरातील दिवे गेले की आपण काय करतो? मीटरकडे जाण्यापूर्वी दाराबाहेर डोकावतो. शेजारी उजेड असेल तर दोष आपल्या फ्यूजचा. पूर्ण गल्ली अंधारात असेल तर डीपीचा. झेंडीगेटपासून सर्जेपुऱ्यापर्यंत काहीच दिसत नसेल तर बिघाड वरचा, आणि मेणबत्ती शोधणे एवढेच आपल्या हाती. हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. मात्र दुकानातील मोबाईलवर पैसे येईनासे झाले, बिलाचे सॉफ्टवेअर उघडेना किंवा जीएसटीचे पोर्टल गोल फिरू लागले की आपण हेच शहाणपण विसरतो. ग्राहकावर संशय घेतो, नाहीतर "सर्व्हर डाऊन" म्हणून हात वर करतो. आजचा आमचा धडा याच विषयावर आहे.

२६ मार्च २०२५ ची सायंकाळ आठवा. रमजानचे शेवटचे दिवस, इफ्तारनंतर ईदच्या खरेदीची वेळ. त्याच सुमारास देशभर यूपीआयचे व्यवहार अडखळू लागले. एका ॲपचे नव्हे, सगळ्यांचेच. ही यंत्रणा चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्याच रात्री तांत्रिक अडचण आल्याचे मान्य केले. परंतु संस्थेचे निवेदन येण्याआधीच हजारो लोकांनी "माझे पैसे जात नाहीत" अशी नोंद करून ठेवली होती आणि वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती त्या नोंदींच्या आधारावर.

ही नोंद होते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. डाऊनडिटेक्टर नावाची एक सेवा २०१२ साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली. तिचे काम साधे आहे. कोणतीही सेवा चालत नसेल तर लोक तेथे तक्रार नोंदवतात आणि वेळेनुसार त्या तक्रारींचा आलेख निघतो. यातील खरी खुबी वेगळीच आहे. दर तासाला चार-दोन तक्रारी कोठूनही येतच असतात. कोणाचा पासवर्ड चुकतो, कोणाचा नेट पॅक संपतो. म्हणून एरवी त्या वेळेला किती तक्रारी येतात याचा अंदाज आधी बांधलेला असतो आणि तक्रारी त्याच्या बऱ्याच वर गेल्या तरच बिघाड मानला जातो. किराणा दुकानदारास हे सांगायला नको. रोज दहा गिऱ्हाईक तांदळात खडे असल्याची कुरकूर करत असतील आणि एक दिवस साठ जण करू लागले, तर पोते बदलले आहे हे तो ओळखतोच.

पण या आलेखावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तेथे दिसणारा आकडा तक्रार करणाऱ्यांचा असतो, अडचणीत आलेल्यांचा नव्हे. शेवगावचा भाजीवाला तक्रार नोंदवायला जात नाही, तो रोख मागतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. दुसरे असे की लोक नाव घेतात ते समोर दिसणाऱ्याचे. बिघाड बँकेकडे असला तरी शिव्या ॲपला बसतात. आणि तिसरी गंमत अशी की तक्रारीची चावडीच कधी कधी बंद पडते. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीची यंत्रणा कोसळली. जगातील असंख्य संकेतस्थळांचा रस्ता तिच्या दारातून जातो. डाऊनडिटेक्टरचाही तसाच जात होता, त्यामुळे बिघाड पाहायला गेलेल्यांना तेथेही बिघाडच दिसला. कारण निघाले अगदी क्षुल्लक. एक फाईल अपेक्षेपेक्षा दुप्पट फुगली आणि ती वाचणारी यंत्रणा कोलमडली. सुरुवातीस कंपनीच्या लोकांना हा बाहेरचा हल्ला वाटला होता.

आता आपल्यापैकी काहीजण विचारतील, या परदेशी कंपन्यांशी मोची गल्लीतील दुकानदाराचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या बिलाचे सॉफ्टवेअर ज्या तरुणाने करून दिले, तो आपला कोड बहुधा गिटहबसारख्या ठिकाणी ठेवतो. २००८ साली सुरू झालेले हे प्रोग्रामर लोकांचे कोठार. सॉफ्टवेअर कसे बनले, कोणी केव्हा कोणती ओळ बदलली याची पूर्ण कीर्द तेथे असते. ते कोठार बंद पडले तर आपले बिल लगेच बंद पडेलच असे नाही. पण त्या दिवशी दुरुस्ती मागितली आणि तो तरुण "आज होणार नाही, गिटहब बंद आहे" म्हणाला, तर तो सबब सांगतो आहे की खरे बोलतो आहे हे आपल्याला कळायला हवे. गिटहब आपल्या यंत्रणेची स्थिती वेगळ्या जाहीर पानावर दाखवते. ती कोणीही पाहू शकतो.

या गिटहबची एक हकीकत हिशेबनीस माणसाने जरूर वाचावी. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत एक बिघडत चाललेले यंत्र बदलताना त्यांच्या दोन ठिकाणांमधील संपर्क तुटला. किती वेळ? फक्त ४३ सेकंद. पण सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. का? आपल्या भाषेत सांगायचे तर नगर व संगमनेर अशी दोन दुकाने आहेत, मुख्य वही नगरला असते आणि तिची नक्कल संगमनेरला जाते. फोन तुटला. संगमनेरच्या मुनीमजींना वाटले नगरचे दुकान बंद झाले, त्यांनी आपलीच वही मुख्य धरून लिहायला घेतली. इकडे नगरच्या वहीत शेवटच्या क्षणी झालेल्या काही नोंदी संगमनेरला पोहोचल्याच नव्हत्या. फोन जुळला तेव्हा दोन वह्या आणि दोन्ही आपापल्या परीने खऱ्या. गिटहबने घाईने एक वही फाडून टाकली नाही. सेवा लंगडी चालू ठेवली, सुमारे ५० लाख निरोप रांगेत थांबवून धरले आणि नोंद गमावण्यापेक्षा उशीर पत्करला. नंतर काय चुकले ते सविस्तर लिहून जाहीर केले. आमच्या मते तो निर्णय योग्यच होता. उशिराने आलेला ग्राहक परत मिळतो, गेलेली उधारीची वही मिळत नाही.

याच धंद्यातील दुसरी कंपनी गिटलॅब. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका थकलेल्या कर्मचाऱ्याने चुकीच्या यंत्रावर माहिती पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबी माहिती गेली. मग बॅकअप शोधू लागले तर एकेक उपाय निकामी निघाला. एक बॅकअप तर कित्येक दिवस होतच नव्हता आणि तो होत नसल्याचे कळवणारे ई-मेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी कोणीतरी सहज काढून ठेवलेल्या एका नकलेवर निभावले आणि सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. त्या लोकांनी दुरुस्तीचे काम जगाला थेट दाखवले, ही त्यांची हिंमत. आपण मात्र आजच बसून एक करावे. बिलाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप आहे का, एवढेच विचारू नये. तो दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा, असे सांगावे.

आता आपल्या वहीकडे येऊ. भिंगारमधील आमच्या परिचयाचे एक शिंपी आहेत. एकदा दुपारी त्यांच्या काउंटरवरचे पैसे आल्याचे बोलून सांगणारे यंत्र गप्प झाले. यूपीआय बंद आहे असे समजून त्यांनी गिऱ्हाइके परत पाठवली. एकाशी तर शब्दाला शब्द वाढला. दोन तासांनी शेजारच्या बेकरीत चहाला गेले तर तेथे धडाधड पैसे येत होते. त्यांच्या यंत्राची चार्जिंगची वायर सैल झाली होती, इतकेच. पैसेही खात्यात आलेले होते. ज्याला "स्क्रीनशॉट दाखवून फसवतोस काय" असे ते बोलले, त्याची मग घरी जाऊन माफी मागावी लागली.

त्या दिवसापासून त्यांनी एक शंभरपानी वही घातली, तिची पद्धत आम्ही येथे देत आहोत. अडथळा आला की घड्याळ पाहून तारीख आणि वेळ लिहायची. नंतर काय झाले ते जसे दिसले तसे लिहायचे, म्हणजे पैसे कापले की कापलेच नाहीत, पडद्यावर कोणते वाक्य आले, ग्राहकाची बँक व ॲप कोणते. "सर्व्हर डाऊन" हे शब्द वहीत लिहायला मनाई. कारण तो निष्कर्ष झाला, आणि नोंद निष्कर्षाची नसते. पुढच्या रकान्यात शेजाऱ्याकडे चालू आहे का, दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाचे जाते का, वायफाय सोडून मोबाईलच्या नेटवर चालते का, हे लिहायचे. या तीन प्रश्नांनी बिघाड आपल्या दुकानात आहे, एका बँकेत आहे की सगळीकडे, हे पाच मिनिटांत बहुतेक वेळा कळते. शेवटी व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक आणि केव्हा सुरळीत झाले ती वेळ. पैसे अडकले असतील तर पडद्याचे छायाचित्रही काढून ठेवावे.

एक पथ्य पाळावे. पैसे अडकले म्हणून पुन्हा पुन्हा पाठवू नयेत आणि मिनिटामिनिटाला "आले का" म्हणून तपासू नये. १२ एप्रिल २०२५ ला शनिवारी यूपीआय पुन्हा कोलमडले, त्यामागे हेच होते. काही बँकांच्या यंत्रणा व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा मारा करत होत्या, त्या ओझ्याने मूळ रस्ता तुंबला. १ ऑगस्ट २०२५ पासून अशा विचारणांवर मर्यादा आली, आणि खात्यातील शिल्लक एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच पाहता येईल असे ठरले.

वहीचा खरा उपयोग पैसे अडकल्यावर होतो. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती ठरवून दिल्या आहेत. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला पावती मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत झाली पाहिजे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस पाठवलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर मुदत एकच दिवस. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. समजा १० तारखेला एका गिऱ्हाइकाचे १,८५० रुपये दुकानात देताना अडकले. १५ तारखेपर्यंत परत यायला हवेत. १९ ला आले तर चार दिवसांचे ४०० रुपये त्याचे झाले. ही भरपाई बँकेने न मागता द्यायची असते आणि ती ज्याचे पैसे कापले त्या ग्राहकाला मिळते, दुकानदाराला नाही. तरीही क्रमांक व वेळ आपण वहीतून काढून दिली तर तो ग्राहक आपले दुकान सोडत नाही. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. तारीखवार नोंद मात्र लागते.

तक्रारी एकत्र झाल्या की सरकारही ऐकते, याचा दाखला जीएसटीचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये जीएसटीआर-१ भरण्याची शेवटची तारीख ११ होती. आदल्या दिवशीच पोर्टल बसले. देशभरातून ओरड झाली, पोर्टल चालवणाऱ्या संस्थेने अडचण मान्य केली आणि मुदत १३ जानेवारीपर्यंत वाढली. मात्र हे सर्वांचेच अडले म्हणून झाले. एकट्या आपल्या संगणकावर पोर्टल उघडले नाही तर मुदत कोणी वाढवत नाही. म्हणून ११ तारखेचे काम ५ ला करावे, हे आमचे जुने म्हणणे आहे.

भिंगारच्या त्या शिंपीभाईंची वही परवा आम्ही चाळली. सहा महिन्यांत देशभराचा म्हणावा असा बिघाड एकदाच सापडला. उरलेल्या बहुतेक नोंदी दुपारी तीन ते चारच्या दरम्यानच्या, आणि प्रत्येक वेळी शेजारी सुरळीत चालू. आधी त्यांना इंटरनेट देणाऱ्याचा संशय होता. वह्या घेऊन दोघे बसले तेव्हा लक्षात आले की मागच्या बाजूच्या वर्कशॉपमध्ये त्याच वेळेला वेल्डिंग चालते. विजेचा दाब क्षणभर पडतो, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यात काउंटरवरचा व्यवहार अडकतो. आता राउटरला छोटी बॅटरी लावली आहे. तेव्हापासून वहीत तीन ते चारची नोंद नाही.