पाड्यापाड्यांचा नकाशा : संगणकीय नकाशातील थर आणि सीमा

तालुक्याच्या कचेरीत, शाळेच्या वर्गात किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगलेला नकाशा हे प्रशासनाचे जुने आणि भरवशाचे साधन होय. परंतु त्यावर एकदा छापलेली रेघ बदलत नाही आणि त्याला प्रश्नही विचारता येत नाही. संगणकाच्या अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील नकाशाचे तसे नाही. गावावर बोट ठेवताच त्या गावची लोकसंख्या, शाळा, पाणवठे यांची माहिती समोर येते. नको असलेला थर मिटवता येतो, हवा तो उघडता येतो. असा नकाशा सिद्ध करण्यासाठी लागणारी साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. एखादा उत्साही शिक्षक किंवा ग्रामसेवक थोड्या सरावाने हे काम करू शकतो. अडचण साधनांची नसून सीमारेषांची आहे. पालघर जिल्ह्याच्या उदाहरणावरून हे नीट समजेल.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांचा पालघर हा राज्यातील छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ ची जनगणना त्यापूर्वीची. त्या जनगणनेच्या कोष्टकात ३५ जिल्हे आहेत आणि ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ अशी नोंदलेली आहे. आता कोणी आजच्या ३६ जिल्ह्यांच्या सीमा घेऊन त्यांवर हे कोष्टक चढविले, तर काय होईल? पालघर पांढरा, रिकामा दिसेल. आणि निम्म्याहून कमी क्षेत्रफळाच्या ठाणे जिल्ह्यावर दोन्ही जिल्ह्यांची माणसे कोंबली जातील. संगणक याबद्दल अवाक्षरही काढणार नाही. तालुकावार बेरीज पुन्हा मांडली, की पालघरचे २९,९०,११६ आणि उर्वरित ठाण्याचे ८०,७०,०३२ हे आकडे मिळतात व मूळ बेरीज जुळते. म्हणून पहिला नियम असा, की सीमा ज्या तारखेच्या, आकडेही त्याच तारखेच्या सीमांवर मांडलेले असावेत.

नावांच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. नावावरून जोडणी केल्यास जुनी कोष्टके आणि नवे नकाशे एकमेकांस ओळखत नाहीत. गावांच्या पातळीवर तर एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावे असणे नवलाचे नाही. तेव्हा जोडणी नावाने न करता सांकेतांकाने करावी. जनगणनेचा ग्राम सांकेतांक किंवा केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील क्रमांक यासाठी वापरावा. नाव हे केवळ वाचकासाठी.

थर म्हणजे काय?

पडद्यावरील नकाशा हा पारदर्शक कागदांच्या चळतीसारखा असतो. तळाशी पायाभूत थर : रस्ते, नद्या, वस्त्यांची नावे. हा थर चौरस तुकड्यांनी बनतो. प्रत्येक तुकडा सामान्यतः २५६ बिंदू लांब व तितकाच रुंद. शून्य पातळीवर संपूर्ण जग एका तुकड्यात मावते. पुढील प्रत्येक पातळीवर एका तुकड्याचे चार होतात. सोळाव्या पातळीवर ही संख्या ४२९ कोटींवर जाते. पडद्यावर जेवढे दिसते तेवढेच तुकडे मागविले जातात, म्हणून मंद गतीच्या जोडणीवरही नकाशा उघडतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागी उपक्रमाचा पायाभूत थर अनेक ठिकाणी वापरला जातो. मात्र त्याच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख नकाशाच्या कोपऱ्यात करणे बंधनकारक आहे.

त्यावरचे थर आपले स्वतःचे. गावांच्या सीमा हा एक, शाळांची ठिकाणे हा दुसरा, विहिरी हा तिसरा. क्षेत्र, रेषा आणि बिंदू या तीन प्रकारांत ही माहिती बसते आणि ती जिओजेसन या साध्या मजकूररूपी संचिकेत साठविता येते. लीफलेट नावाचा छोटा विनामूल्य कार्यक्रमसंच २०११ पासून उपलब्ध आहे. तो हे थर एकावर एक रचतो, सीमांना रंग देतो आणि स्पर्श होताच माहितीची चौकट उघडतो.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. जिओजेसनमध्ये आधी रेखांश व नंतर अक्षांश लिहितात. लीफलेटमध्ये नेमके उलट. पालघर शहर सुमारे १९.७० अक्षांश आणि ७२.७७ रेखांशावर आहे. हे आकडे उलटे पडले, तर पालघर नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते! प्रस्तुत लेखकाने पहिल्याच प्रयत्नात आपला सगळा तालुका असा बुडविला होता आणि दोष जोडणीला देत अर्धा दिवस घालविला होता.

सीमा कोठून आणाव्यात?

भूमी अभिलेख विभागाचे गाव नकाशे हा गावाच्या हद्दीचा मूळ आधार. कागदी नकाशा असल्यास त्याचे छायाचित्र क्यूजीआयएस या मुक्त संगणकप्रणालीत घेऊन, तिवाठे, जुने मंदिर, पुलाचे टोक अशा ओळखीच्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश त्यास जोडावे लागतात. अशी ठिकाणे चार-पाचांपेक्षा अधिक आणि नकाशाच्या सर्व बाजूंना विखुरलेली असावीत. सारी एकाच कोपऱ्यात घेतली तर दुसरा कोपरा हमखास सरकतो. त्यानंतर हद्दीवरून रेघ ओढावी. अंशाचा पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर सुमारे एक मीटर. त्यापुढचे आकडे साठविल्याने संचिका फुगते, अचूकता वाढत नाही.

संचिका हलकी करण्यासाठी वळणे कमी करावी लागतात. ते करताना शेजारच्या दोन गावांच्या सीमा वेगवेगळ्या सरळ केल्या, तर मध्ये फट पडते किंवा एक गाव दुसऱ्यावर चढते. ज्या रेघेवर दोघांचा हक्क, ती एकदाच साठवून दोघांसाठी एकदमच सरळ करणारी साधने (मॅपशेपर हे त्यांपैकी एक) वापरावीत. हद्दीची फट पडद्यावर केसाएवढी असते. तिच्यावरून बांधाबांधांवर होणारे वाद मात्र केसाएवढे नसतात. म्हणून प्रत्येक नकाशावर ठळक लिहावे की हा नकाशा माहितीसाठी आहे, मोजणीसाठी नाही. मोजणीची जागा भूमापकाने केलेल्या अधिकृत मोजणीलाच आहे.

क्षेत्रफळाचेही तसेच. संकेतस्थळांवरील नकाशे मर्केटर प्रक्षेपणावर आधारलेले असतात. त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे क्षेत्र फुगते. पालघरच्या अक्षांशावर ही फुगवण सुमारे १३ टक्के भरते. तळ्याचे अथवा गायरानाचे क्षेत्र काढावयाचे असल्यास आधी यूटीएम पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात रूपांतर करावे. नागपूरकडील कार्यकर्त्यांनी ४४ वा पट्टा घ्यावा, कारण ७८ अंश रेखांशावर पट्टा बदलतो.

रंग भरताना एकूण संख्येऐवजी प्रमाण वापरावे. पालघर जिल्ह्यात नुसत्या लोकसंख्येने रंगविले, तर वसईच्या दाट नागरी वस्तीपुढे बाकीचे तालुके फिके पडतात आणि मोखाड्यात काही प्रश्नच नाही असा समज होतो.

महसुली गावापलीकडे

खरा प्रश्न पुढेच आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात एक महसुली गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. अनेक पाडे मिळून गाव होते, आणि पाडे एकमेकांपासून ओहोळ, दरी, चढ यांनी तुटलेले असतात. गावात विहीर आहे, असे कोष्टक सांगते. नकाशावर सारे गाव निळे होते. प्रत्यक्षात विहीर एका पाड्यावर असते आणि पलीकडच्या पाड्यावरील स्त्रिया उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात. गावाची सीमा बरोबर असूनही हा नकाशा दिशाभूल करतो.

यावर उपाय म्हणजे पाड्यांचा स्वतंत्र थर. प्रत्येक पाडा हा एक बिंदू; त्यासोबत घरांची संख्या, जवळच्या पाणवठ्यापर्यंत पायी लागणारा वेळ, पावसाळ्यात वाट बंद होते का, अंगणवाडी किती दूर, एवढीच माहिती. अंतर सरळ रेषेत मोजू नये. दरीच्या पलीकडचा पाडा नकाशावर अर्धा किलोमीटर आणि पायवाटेने तासाभराचा असू शकतो. भ्रमणध्वनीत ठिकाणाची नोंद घेत शाळेतील मोठ्या मुलांनी वाट प्रत्यक्ष चालून पाहिली, तर हा थर थोड्या दिवसांत उभा राहतो आणि भूगोलाचा पाठही होतो.

अनुसूचित क्षेत्रात या थराला आणखी एक महत्त्व आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांन्वये पाड्याला किंवा पाड्यांच्या समूहाला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची मागणी ठरावाद्वारे करता येते. अशा वेळी पाड्याची परंपरागत हद्द कोठून कोठे, हे सांगावे लागते. वृद्ध मंडळींनी दाखविलेला नाला, मोठा आंबा, देवाचे स्थान यांचे बिंदू आधीच नोंदलेले असले, तर चर्चा नेमक्या जागेवर होते.

प्रसिद्धीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. नकाशात देशाची बाह्य सीमा येत असल्यास ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळलीच पाहिजे. याबाबत १९६१ च्या कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. दुसरे, कुटुंबांची नावे, आजार अथवा कर्ज यांसारखी माहिती कोणत्याही थरात घालू नये.

नकाशा प्रथम ग्रामसभेत भिंतीवर दाखवावा. पाड्यांची नावे चुकलेली असतात, ती तेथेच दुरुस्त होतात. दुरुस्तीनंतर जुनी संचिका पुसून न टाकता तारीख घालून ठेवावी आणि नव्या नकाशाच्या कोपऱ्यात सीमांचा आधार, आकड्यांचे वर्ष व ग्रामसभेची तारीख लिहावी.