अवतरण, संदर्भ आणि जाहिरात : एका प्रवचनाचे उदाहरण

जाहिरातीची भाषा अभ्यासताना आपण शब्दयोजना, आवाहन आणि ग्राहक यांचा विचार करतो. अवतरणाचा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. उसने घेतलेले शब्द अक्षरशः अचूक असूनही त्यांचा अर्थ उलटा होऊ शकतो, हे या पाठात एका उदाहरणावरून पाहू.

४ फेब्रुवारी १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी अटलांटा येथील एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये ‘द ड्रम मेजर इन्स्टिंक्ट’ हे प्रवचन दिले. ड्रम मेजर म्हणजे वाद्यपथकाच्या अग्रभागी दंड उंचावत चालणारा नायक. आपण सर्वांच्या पुढे असावे ही ओढ प्रत्येकात असते, हे किंग मान्य करतात. त्यासाठी त्यांनी मार्ककृत शुभवर्तमानातील प्रसंग घेतला आहे : येशूच्या उजवीडावीकडील आसने मागणारे याकोब आणि योहान. ही ओढ मारू नका, तिला सेवेकडे वळवा. सेवा कोणालाही करता येते, म्हणून थोरपणही कोणाच्याही आवाक्यात आहे, असे त्यांचे प्रतिपादन. दोन महिन्यांनी त्यांची हत्या झाली आणि अंत्यविधीत याच प्रवचनाचे ध्वनिमुद्रण ऐकवले गेले.

बरोबर ५० वर्षांनी, ४ फेब्रुवारी २०१८ रोजी, अमेरिकन फुटबॉलच्या ‘सुपर बोल’ सामन्याच्या प्रक्षेपणात तोच आवाज ‘रॅम’ ट्रकच्या जाहिरातीतून उमटला. सेवेविषयीची वाक्ये, पडद्यावर कष्ट करणारी आणि इतरांच्या मदतीला धावणारी माणसे, आणि मधूनमधून ट्रक. ‘रॅम’ हे तेव्हा फियाट क्रायस्लर कंपनीचे उत्पादन होते.

आता गाळलेला भाग पाहा. पुढे मिरवण्याची ओढ कशी बिघडते हे सांगताना किंग प्रथम जाहिरातदारांकडेच वळतात. शेजाऱ्याला हेवा वाटावा म्हणून अमुक गाडी घ्या, असे हे लोक आपल्याला पटवतात, असे ते म्हणतात. ऐपतीबाहेरच्या गाड्या मिरवणाऱ्यांचा दाखला देताना ते ज्या गाड्यांची नावे घेतात, त्यांत क्रायस्लरही आहे! विडंबनकारालाही हे सुचले नसते.

किंग यांच्या वारसांच्या वतीने हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने या वापरास अनुमती दिली होती. जाहिरातीचा आशय किंग यांच्या सेवाविचाराशी जुळतो, असे तिचे म्हणणे होते. सुटे वाक्य घेतले तर ते खोडून काढता येत नाही. अनुमतीने कायद्याचा प्रश्न मिटतो. अर्थाचा मात्र उरतो. कारण येथे श्रोताच बदलला आहे. प्रवचनातील श्रोत्याने काही सोडावे, अशी अपेक्षा आहे. जाहिरातीतील श्रोत्याने काही विकत घ्यावे, अशी. शब्द तेच, पण त्यांनी करवून घ्यायची कृती परस्परविरुद्ध.

स्वाध्याय : संतवचन वापरलेली एक मराठी जाहिरात निवडा. ते वचन ज्या अभंगातून वा ओवीतून घेतले आहे, ती रचना संपूर्ण वाचा. वचनाच्या मागचापुढचा कोणता मजकूर गाळला आहे आणि त्यामुळे वचनाचा श्रोता कोण झाला आहे, हे सुमारे १५० शब्दांत लिहा.