खोटे ई-मेल : ओळख आणि बचाव

पूर्वी मनिऑर्डर आली की पोस्टमन दारात येत असे, सही घेत असे आणि पैसे हातावर मोजून देत असे. सही न येणाऱ्याचा अंगठा घेताना शेजारचा माणूस साक्षीला उभा राही. देणारा कोण, घेणारा कोण हे चार डोळ्यांना दिसत होते. आज पैसा मोबाईलमधून येतो आणि मोबाईलमधूनच जातो. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून तर भाजीच्या गाड्यावरही नोटांची गरज उरलेली नाही. ही सोय मोठी आहे. ती सोडून द्यावी असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु या व्यवहारात साक्षीदार नाही. साक्षीदाराचे काम आता आपल्यालाच करावयाचे आहे. ते कसे करावे, याची थोडक्यात माहिती देण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

आमच्या घरीच घडलेला प्रसंग प्रथम सांगतो. घरातील एक वडीलधारे गृहस्थ, आयुष्यभर कारकुनी केलेले, हिशेबात कधी एक रुपया न चुकलेले. एका संध्याकाळी त्यांना ई-मेल आला : ‘आपली केवायसी अपुरी आहे. २४ तासांत माहिती न भरल्यास खाते बंद होईल.’ वर बँकेचे चिन्ह, खाली अधिकाऱ्याचे नाव. पेन्शन त्याच खात्यात येत असल्याने ते घाबरले. ई-मेलमधील दुव्यावर बोट ठेवताच बँकेसारखेच पान उघडले. त्यांनी नाव व पासवर्ड भरला. लगेच मोबाईलवर बँकेचा ओटीपी आला. तो खरोखरच बँकेकडून आला होता, म्हणून त्यांना पानही खरे वाटले. ओटीपी भरला आणि पैसे गेले. त्याहून वाईट म्हणजे, लाजेपोटी दोन दिवस त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही.

हे कसे घडले ते समजून घेऊ. या फसवणुकीला ‘फिशिंग’ म्हणतात. म्हणजे गळ टाकून मासा पकडणे. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेच्या ग्राहकांचे पासवर्ड लुबाडले जात असता हा शब्द रूढ झाला. चोर बँकेची तिजोरी फोडत नाही; तो आपल्याच हातून किल्ली काढून घेतो. आपण खोट्या पानावर पासवर्ड भरला की चोर तोच पासवर्ड त्याच क्षणी बँकेच्या खऱ्या पानावर भरतो. खरी बँक मग खरा ओटीपी पाठवते. म्हणजे ओटीपी खरा आला, यावरून समोरचे पान खरे ठरत नाही.

अक्षरांची फसवणूकही जुनीच आहे. २००० साली अमेरिकेत ‘पेपल’ या पैसे पाठविणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांना ई-मेल गेले. कंपनीच्या इंग्रजी नावातील शेवटचे अक्षर ‘एल’. चोरांनी त्या जागी मोठ्या लिपीतील ‘आय’ घातले. पडद्यावर दोन्ही अक्षरे सारखीच उभी रेघ दिसतात. लोकांनी नाव वाचले, ओळखीचे वाटले आणि पासवर्ड भरला. आता ही युक्ती आणखी पुढे गेली आहे. ‘पेपल’च्याच सेवेतून खोटे बिल पाठवायचे व त्यात ‘ही खरेदी आपली नसल्यास या क्रमांकावर फोन करा’ असे लिहावयाचे, हा प्रकार आढळतो. तेथे पाठविणाऱ्याचा पत्ताही खरा असतो. खोटा असतो तो फोन क्रमांक. पूर्वी अशुद्ध भाषेवरून खोटे पत्र ओळखू येई. आता संगणकच शुद्ध मराठी लिहून देतो, तेव्हा त्याही खुणेवर विसंबता येत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : ई-मेल कसा दिसतो हे पाहू नका, तो काय मागतो हे पाहा. पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात.

१. घाई व भीती : ‘आजच’, ‘२४ तासांत’, ‘अन्यथा खाते बंद’. विचार करण्यास वेळ मिळू नये, हाच यामागील हेतू असतो. बक्षीस, परतावा अथवा कर्जमंजुरीची लालूच हे याच नाण्याचे दुसरे अंग होय.

२. गुप्त माहितीची मागणी : पासवर्ड, ओटीपी, पिन, कार्डामागील तीन आकडे. यांतील काहीही कोणतीही बँक ई-मेलने वा फोनवर विचारत नाही.

३. पैसे मिळण्यासाठी पिन : यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही.

४. पत्त्यातील गोम : पाठविणाऱ्याचे नाव कोणालाही काहीही लिहिता येते; त्यामागील पूर्ण पत्ता पाहावा. संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अगोदरचा, म्हणजे शेवटचा भाग खरा मालक सांगतो. बँकेचे नाव सुरुवातीस असून शेवटी भलतेच नाव असेल, तर ते पान बँकेचे नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली भारतातील बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट ठरवून दिला आहे, तो तपासावा.

५. कुलपाचे चिन्ह : पत्त्याशेजारील कुलूप एवढेच सांगते की मधल्या वाटेत कोणी माहिती वाचू शकत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही. चोरही कुलूप लावतो.

६. सोबत जोडलेली फाईल वा अ‍ॅप : ई-मेल अथवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले अ‍ॅप कधीही मोबाईलमध्ये घेऊ नये. असे अ‍ॅप आपले संदेश चोराकडे पोचवू शकते.

यावर उपाय एकच आणि सोपा आहे. पत्रात दिलेल्या वाटेने जाऊ नये, आपल्या माहितीच्या वाटेने जावे. बँकेचे अ‍ॅप स्वतः उघडावे, पासबुकावर वा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा, किंवा सरळ शाखेत जावे. इंटरनेटवर शोधून सापडलेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक वापरू नये. तोही चोराचा असू शकतो. सूचना खरी असेल तर ती शाखेतही कळेल.

आणि फसलोच तर? क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवून खाते थांबवावे आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवून काढून घेतो. तो वाटेत असतानाच अडविता आला तर परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिल्याने झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाचे. कळविल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेचे. म्हणजे गप्प राहिलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण त्यासाठी तक्रार व्हावयास हवी.

शेवटी घरातील तरुणांना एक विनंती. आई-वडील फसले तर ‘तुम्हाला एवढेही कळले नाही का?’ असे विचारू नका. आमच्या घरचे गृहस्थ दोन दिवस गप्प राहिले ते याच एका प्रश्नाच्या भीतीने. फसविले जाणे हा गुन्हा नव्हे, फसविणे हा गुन्हा आहे. हा लेख घरातील ज्येष्ठांना वाचून दाखवा, १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा, आणि ‘शंका आली तर आधी मला हाक मारा’ एवढे त्यांना प्रेमाने सांगून ठेवा. पूर्वीच्या मनिऑर्डरचा साक्षीदार तो हाच.