मुदतीचा शेवटचा दिवस

पानिपत हे नाव मराठी वाचकाला १७६१ च्या रणसंग्रामामुळे परिचित आहे. हरियाणातील आजचे पानिपत मात्र ब्लँकेटे, गालिचे आणि सतरंज्या यांच्या व्यापाराचे नगर आहे. जेथे व्यापार आला, तेथे उधारी आली. आणि उधारीच्या पाठोपाठ न वटलेला धनादेशही आला. अशा वेळी दिवसांचा हिशेब कसा करावयाचा, हे प्रत्येकाने समजून घेणे हिताचे आहे.

परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याचे कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले. त्यानुसार तीन मुदती पाळाव्या लागतात. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावयाची. नोटीस मिळाल्यावर धनादेश देणाऱ्याला रक्कम चुकती करण्यासाठी १५ दिवस मिळतात. त्याने ती न दिल्यास पुढील एका महिन्यात फिर्याद दाखल करावयाची.

समजा, सोलापूरच्या एका ग्राहकाने दिलेला धनादेश पानिपतच्या व्यापाऱ्याने आपल्या तेथील खात्यात भरला आणि तो न वटल्याचे त्याला २ जानेवारी २०२५ रोजी कळले. २०१५ च्या दुरुस्तीमुळे त्याला सोलापूरला यावे लागत नाही. त्याचे खाते असलेल्या शाखेच्या ठिकाणी, म्हणजे पानिपतलाच, फिर्याद करता येते. ज्या दिवसापासून मुदत मोजावयाची तो दिवस गणनेतून वगळतात. म्हणून ३ जानेवारी हा पहिला दिवस, आणि नोटिशीची मुदत १ फेब्रुवारीला संपते.

व्यापाऱ्याने तत्परता दाखविली आणि ग्राहकाला १५ जानेवारीस नोटीस मिळाली. तो दिवस वगळता पंधरावा दिवस ३० जानेवारी होय. तोवर पैसे न आल्याने ३१ जानेवारीस फिर्यादीचा हक्क उत्पन्न झाला. आता हाही दिवस वगळावयाचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली साकेत इंडिया प्रकरणात सांगितले व २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच मत उचलून धरले.

खरी चूक होते ती येथे. कायद्याने ‘एक महिना’ म्हटले आहे, ‘तीस दिवस’ नव्हे. आणि महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. व्यापारी तीस दिवस मोजीत बसला, तर त्याला २ मार्चपर्यंत अवधी आहे असे वाटेल. प्रत्यक्षात मुदत २८ फेब्रुवारीलाच संपलेली असते.

घाईही तितकीच घातक ठरते. पंधरा दिवस पुरे होण्याआधी केलेली फिर्याद टिकत नाही, असा निर्णय २०१४ मध्ये झाला आहे. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी फिर्याद देता येते. विलंबाचे पुरेसे कारण पटल्यास न्यायालय तो क्षमापित करू शकते. परंतु ती सवलत आहे, हक्क नव्हे.

फिर्याद दाखल झाल्यानंतरच्या सुनावणीच्या तारखा न्यायालय नेमून देते आणि त्या पुढेही ढकलल्या जातात. मुदत मात्र कायद्याने ठरविलेली असते. तिचा हिशेब पक्षकाराने स्वतःच ठेवावयाचा असतो. म्हणून बँकेची सूचना हाती पडताच तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी, नोटीस पोचल्याची पावती जपावी, आणि शेवटच्या दिवसाची वाट न पाहता वकिलाकडे जावे.