अंगठा आजीचा, कारभार कोणाचा?



या रविवारच्या अभ्यासासाठी आम्ही जो विषय घेत आहोत तो आपल्या घराघरांत आहे, पण त्यावर घरात क्वचितच बोलले जाते. तो म्हणजे आपले वृद्ध आई-वडील आणि नवी यंत्रे. रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र, बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रातली ठसा घेणारी डबी, मोबाइलवर येणारा ओटीपी, शेतातली ई-पीक पाहणी. भोकरदन तालुक्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला आज यांच्याशिवाय धान्य, पगार किंवा अनुदान मिळत नाही. श्रावणबाळ योजनेचे अनुदान २०२३ साली दरमहा १००० वरून १५०० रुपये झाले. रक्कम मोठी नाही, पण अनेक आजींची स्वतःच्या नावाची तेवढीच कमाई आहे.

"म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही," असे आपण सहज म्हणून जातो. जमणे न जमणे हा प्रश्न छोटा आहे. मोठा प्रश्न असा की, यंत्र घरात आल्यावर त्यांचा कारभार त्यांच्या हाती राहतो की दुसऱ्याच्या हाती जातो?

अंगठ्याची जुनी गोष्ट

यंत्रावर बोट ठेवताना वृद्ध माणसे कचरतात. ते अडाणीपण नव्हे, ती आठवण आहे. कागदात काय लिहिले आहे ते न कळता सावकारापुढे अंगठा उठवायचा आणि जमीन गमवायची, हे आपल्या मागच्या पिढ्यांनी भोगले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. त्या उठावात शेतकऱ्यांचा मुख्य राग कर्जरोख्यांवर होता आणि ठिकठिकाणी ते हिसकावून जाळले गेले. त्यानंतर १८७९ साली इंग्रज सरकारने शेतकऱ्यांसाठी कायदा केला. दिलेल्या पैशाची पावती मागण्याचा, हिशेब मागण्याचा आणि पासबुक ठेवण्याचा हक्क त्यात शेतकऱ्याला मिळाला. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा इकडे लागू नव्हता. पण त्यातला धडा आपल्यालाही उपयोगी आहे: अंगठा द्यावा लागत असेल, तर पावतीही हातात पडली पाहिजे.

ठशाचा दुसरा धागा बंगालचा आहे. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ साली हुगळी येथे त्यांनी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण वेतनधारक वारल्यावरही त्याच्या नावाने दुसराच कोणी पैसे उचलत असे. म्हणजे आजचा हयातीचा दाखला त्याच वाटेने आला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, आणि ठसा गावोगावी पोहोचला.

ठसा का जुळत नाही?

आयुष्यभर कापूस वेचून, खुरपे धरून, भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजतात. वय वाढले की कातडी कोरडी आणि सैल होते. यंत्राला रेषा दिसत नाहीत आणि ते नाही म्हणते. माणूस खोटा नसतो, यंत्राची नजर कमी पडते. अशा वेळी घाबरू नये. हात धुऊन, पुसून दुसरे बोट ठेवून पाहावे. दहा बोटांपैकी एखादे तरी बहुधा चांगले उमटते. ते कोणते हे लक्षात ठेवावे. ठसा जुळला नाही एवढ्याच कारणाने रेशन नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना कळवले आहे. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला २०२१ पासून कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही काढता येतो, आणि ठराविक शुल्क घेऊन पोस्टमन घरी येऊनही काढून देतो.

कर्ता आणि करण

मराठी व्याकरणात कर्ता आणि करण वेगळे असतात. आजीने विळ्याने भाजी चिरली, तर आजी कर्ता आणि विळा करण, म्हणजे साधन. तत्त्वज्ञानही हेच सांगते की माणूस कधीही नुसते साधन होऊ नये. पण नातू आजीला केंद्रावर नेतो, तिचे बोट डबीवर टेकवतो, पैसे खिशात घालतो आणि "चल, झालं," म्हणतो, तेव्हा काय होते? नातू कर्ता होतो आणि आजीचा अंगठा करण. ज्या माणसाला आपण एके काळी घरातला कर्ता म्हणत होतो, त्याचे आता फक्त बोट लागते.

पवित्र शास्त्रात याची दोन चित्रे आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाक म्हातारा आणि अंधुक नजरेचा आहे. समोरचा मुलगा कोणता हे तो हात चाचपून ओळखू पाहतो, आणि हातांवर करडाचे कातडे बांधून आलेला स्वतःचा मुलगाच त्याला फसवतो. आवाजाने त्याला शंका आली होती, पण शेवटी त्याने हातांवर विश्वास ठेवला. दुसरे चित्र तोबीतचे. तोही आंधळा झालेला, त्याचे पैसे दूर देशी ठेवलेले, त्याला स्वतः जाता येत नाही. पण पैसे कोठे आहेत हे तोच मुलाला सांगतो, खुणेचा कागद तोच देतो, सोबत जाणाऱ्या वाटाड्याची चौकशी तोच करतो आणि त्याची मजुरीही तोच ठरवतो. तोबिया जातो, पैसे आणतो आणि बापापुढे ठेवतो. पाय मुलाचे चालले, कारभार बापाचा राहिला.

१२ डिसेंबर २०१२ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ट्विटरवर पहिला संदेश पाठवला, तेव्हा त्यांचे वय ८५ होते. मदतनीस शेजारी उभे होते, पण पडद्यावर बोट पोपमहोदयांनी टेकवले. घरात हवी ती मदत अशी, शेजारी उभे राहण्याची.

शिकवण्याची रीत

वृद्ध माणसे यंत्र शिकतात ती स्वतःच्या कामासाठी. मुंबईतल्या नातवाचा चेहरा दिसतो म्हटल्यावर व्हिडिओ कॉल शिकायला आजीला वेळ लागत नाही. म्हणून तिला जे हवे तिथून सुरुवात करावी. टाइप करणे अवघड असेल तर बोलून संदेश पाठवायला शिकवावे. २०१७ पासून मोबाइल मराठी बोलणे ऐकून लिहूनही घेतो. अक्षरे मोठी करून द्यावीत. एका वेळी एकच गोष्ट दाखवावी आणि बटण त्यांच्याच बोटाने दाबू द्यावे. मोबाइल त्यांच्या हातातून ओढून घेऊ नये. पायऱ्या वहीत लिहून ठेवाव्यात. चौथ्यांदा विचारले तरी चिडू नये. आपण चालायला शिकताना किती वेळा पडलो ते त्यांनी मोजले नव्हते. ई-पीक पाहणीला आजोबांना बांधावर सोबत न्यावे. कोणत्या गटात मका आणि कोणत्या गटात कपाशी हे ते सांगतील, फोटो नातवाने काढावा.

काही सूचना

ठशाने पैसे काढताना पिन लागत नाही, बोट हाच पिन असतो. म्हणून "जुळले नाही, पुन्हा ठेवा," असे सांगितले तर आधी पहिल्या प्रयत्नाचे काय झाले ते विचारावे. प्रत्येक वेळी पावती घ्यावी, महिन्यातून एकदा पासबुक भरून ते मोठ्याने वाचून दाखवावे. यूपीआयवर पैसे येताना पिन टाकावा लागत नाही. कोणी पिन मागितला, तर पैसे जाणार आहेत असे समजावे. पोलीस असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर कोणी "डिजिटल अरेस्ट" म्हणाले, तर फोन ठेवून द्यावा, कायद्यात असे काही नाही. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे. आणि त्या माणसाला घरात कोणीही रागावू नये. रागाच्या भीतीने वृद्ध माणसे फसवणूक लपवतात, आणि तेवढ्या वेळात पैसे निघून जातात.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या आजी-आजोबांच्या खात्यात या महिन्यात किती रुपये आले, हे त्यांना स्वतःला माहीत आहे का?
२. ते कशावर खर्च करायचे, हे कोणी ठरवले?
३. या आठवड्यात घरातल्या वृद्ध व्यक्तीला तिला हवी असलेली कोणती एक गोष्ट आपण शिकवू?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर उद्या सोमवारी पासबुक घेऊन त्यांच्यासह बँकेत जावे.