शाळिग्रामातील चक्र

अकोला-अमरावतीकडे पुष्कळ देवघरांत तुळशीदळाखाली शाळिग्राम असतो. त्याचे चक्र वज्रकीटाने कोरले, असे आम्ही कीर्तनात सांगतो. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात, ते अमोनाईट नावाच्या समुद्रजीवाच्या कवचाचे वेटोळे. कोकणातला माकूळ त्याचाच दूरचा भाऊबंद. म्हणजे जीवाची खूण दोघांनाही मान्यच की! हिमालयाच्या जागी १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता. त्याच्या तळचा चिखल दगड होऊन वर आला, नि नेपाळात गंडकीने हे गोटे उघडे केले. वऱ्हाडचा काळा पाषाण मात्र ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्हाचा. त्यात समुद्रजीव कुठला? तेव्हा पूर्णेतला गोटा गंडकीचा म्हणून कोणी दक्षिणा मागितली, तर आधी चक्र पाहावे, अंगचे की छिन्नीचे.